दादाच्या लग्नात आईला पाटावर बसवायचंय, आणि त्या निमित्तानं थोडं

गोदाकाठ | सोमवार, रात्री १०:५०

नमस्कार. मी इथं रोज वाचते, लिहिते क्वचितच. आज लिहायचं कारण घरातलंच आहे.

दादाचं लग्न ठरलंय. नवरी नाशिकरोडची. ओळख नोकरीतली, दोन्ही घरांना पसंत. साखरपुड्यापर्यंत सगळं सुरळीत होतं. मग दोघांनी लग्न कसं हवं ते एका वहीत लिहून काढलं आणि वही आईच्या हातात दिली. माणसं ऐंशी. खर्च दोघांच्या पगारातून, निम्मा निम्मा. मानपान नाही, आहेर नाही, कन्यादान नाही. सप्तपदी आहे, पण प्रत्येक पावलाचा अर्थ मराठीतून सांगायचा आणि तो कळल्यावरच पुढचं पाऊल टाकायचं. आणि शेवटची ओळ: ग्रहमखाला आणि देवक ठेवायला, म्हणजे लग्नाआधीच्या पूजेला, आई बसेल.

बाबा जाऊन नऊ वर्षं झाली. दादा मोठा, पण माझं लग्न आधी झालं, सात वर्षांपूर्वी, संभाजीनगर रोडवरच्या एका लॉन्सवर. मुहूर्त १२:३५ चा होता. स्टेजवर पाहुण्यांचे सत्कार आणि आशीर्वादाची भाषणं चालू राहिली, मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा दोन वाजत आले होते. अकराशे माणूस जेवून गेला. कन्यादान काका-काकूंनी केलं. आई तेव्हा आतल्या खोलीत ओटीचं सामान लावत होती. आदल्या दिवशी हळदीलाही ती दारातच उभी होती; मला हळद लावली नाही, कुणी लाव म्हणालंही नाही. मीसुद्धा नाही. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलंच नाही, आणि याचं आज फार वाईट वाटतं.

वही वाचून आई काही बोलली नाही. उशाशी ठेवून झोपली.

काकांचा विरोध आहे. ते वाईट माणूस नाहीत. बाबांच्या मागं आमची दोघांची शिक्षणं त्यांनी केली. त्यांचं म्हणणं तीन गोष्टींचं. ऐंशी माणसांत भाऊबंदकी बसत नाही. देवकाला जोडपंच लागतं. आणि ऑक्टोबरअखेर सिंहस्थाचं ध्वजारोहण आहे, त्याआधी लग्न उरका, नंतर गुरू सिंह राशीत असताना नको. नवरी नोकरी करून पुढचं शिकतेय, तिची परीक्षा नोव्हेंबरात आहे. दोघांना डिसेंबर हवाय.

मला विचारायचंय ते असं: तुमच्या किंवा तुमच्या मुलांच्या लग्नात काय बदललंत, का बदललंत, आणि पुढच्या संसारात त्यातलं काय टिकलं? हल्ली लग्नं बदललीत असं सगळेच म्हणतात. जोडपी लग्नाकडं कसं बघतात ते त्या बदलातून खरंच दिसतं का?

द्राक्षबाग | सोमवार, रात्री ११:३५

ताई, वाचलं. आईंच्या जागी माझी आत्या दिसली.

मी निफाड तालुक्यातला. दोन लग्नांचं सांगतो. बहिणीचं २०१८ ला झालं. तिकडच्यांनी हुंडा मागितला नाही. 'तुमच्या मुलीला जे द्यायचं ते द्या, लग्न मात्र नाक राहील असं करा' एवढंच म्हणाले. या वाक्याची किंमत बाप काढतो. वडिलांनी सोसायटीचं कर्ज उचललं, वर व्यापाऱ्याकडून उचल घेतली. पुढच्या हंगामात माल काढायच्या वेळी अवकाळी आला. ते कर्ज मी आणि भावानं चार वर्षं फेडलं. बहिणीला ते माहीत होतं. सणाला आली की ती साडी घ्यायची नाही, नको म्हणायची. कारण आम्ही कुणी बोललो नाही.

माझं लग्न एप्रिल २०२१ मध्ये झालं. 'ब्रेक द चेन'चा आदेश तेव्हा पंचवीस माणसं आणि दोन तास असा होता, मोडला तर पन्नास हजार दंड. सासऱ्यांच्या अंगणात लागलं. आंब्याच्या डहाळ्यांचा मांडव, जेवायला वरण-भात, बटाट्याची भाजी, जिलेबी. ठरवून साधं केलं नव्हतं, नाइलाज होता, हे कबूल करतो. पण त्या दोन तासांत मी बायकोशी जेवढं बोललो तेवढं माझ्या कुठल्याच मित्राला त्याच्या लग्नात बोलता आलेलं नाही. सासऱ्यांचे जे पैसे वाचले त्यातून त्यांनी धाकट्या मेहुणीला पुण्याला शिकायला ठेवलं.

फक्त एक. गावाला जेवण राहिलं म्हणून वर्षभरानं आमच्याच घरच्यांनी आठशे माणसांचं रिसेप्शन केलं. मी नको म्हणालो नाही. म्हणायला हवं होतं.

मखमलाबाद_रोड | मंगळवार, सकाळी ७:१०

नोंदणीचं काय करणार आहेत ते आधी नक्की करा. दोन वाटा आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

विशेष विवाह कायदा १९५४ चा. त्यात विवाह अधिकाऱ्याकडं आधी नोटीस द्यावी लागते, दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात किमान तीस दिवस राहिलेला असावा लागतो, नोटीस लागल्यावर तीस दिवस हरकतीसाठी, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न. तीन साक्षीदार. डिसेंबर हवा असेल तर नोटीस ऑक्टोबरात द्या.

दुसरी वाट म्हणजे विधी करून लग्न लावायचं आणि मग १९९८ च्या राज्याच्या कायद्याखाली विवाह नोंदणी. ही नोंदणी झालेल्या लग्नाची असते, नोंदणीनं लग्न होत नाही. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच स्पष्ट केलं: हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न असेल तर विधी झालेले असले पाहिजेत, नुसत्या प्रमाणपत्रानं लग्न सिद्ध होत नाही. त्याच निकालात न्यायालयानं म्हटलंय की लग्न म्हणजे नाचगाणं आणि खाण्यापिण्याचा कार्यक्रम नव्हे, हुंडा आणि भेटवस्तू वसूल करण्याचा प्रसंगही नव्हे.

तुमच्या भावाला सप्तपदी हवीच आहे, म्हणजे दुसरी वाट सरळ पडेल.

सिडकोची_आई | मंगळवार, दुपारी २:२०

मी जरा वेगळं लिहिते. सगळे साध्या लग्नाचं कौतुक करतील, माझ्या लेकीचं थाटाचं झालं.

पाचशे माणसं, हळदीला पिवळे कपडे, संगीत, प्री-वेडिंग सगळं. पैसे तिचे आणि जावयाचे, चार वर्षं साठवलेले. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला शूट करायचं ठरलं तेव्हा मी भांडले तिच्याशी. लग्नाआधी असं हातात हात घालून फोटो, ते हॉलमध्ये पडद्यावर लावायचे, मला पटेना. ती म्हणाली, 'आई, तुमच्या लग्नात तुझे नि बाबांचे एकत्र दोन फोटो आहेत आणि दोन्हीत तू खाली बघतेस.' मी अल्बम काढून बघितला. खरं होतं. मान वर केलेला माझा एकही फोटो नाही.

शूटच्या दिवशी उन्हात पाच तास गेले. त्यात जावई एकदा फोटोवाल्याच्या मदतनीस पोरावर चिडला, आणि अर्ध्या तासानं स्वतः जाऊन त्या पोराची माफी मागितली. लेकीनं घरी येऊन मला फोटोंबद्दल काही सांगितलं नाही, हे सांगितलं. मी माझ्या नवऱ्याला चिडलेला पहिल्यांदा बघितला तो लग्नानंतर अकराव्या दिवशी, आणि माफी मागताना अजून बघायचाय.

गेल्या वर्षी पुण्याकडच्या त्या हुंडाबळीनंतर समाजाच्या बैठका झाल्या, आचारसंहिता आल्या. हुंडा नको, डीजे नको, कर्ज काढून लग्न नको, हे सगळं मला पटतं, मी स्वतः हात वर करीन. पण त्याच यादीत प्री-वेडिंग नको हेही असतं. हुंड्यानं मुली मरतात. फोटोनं कोण मेलं? दोन्ही एका ओळीत कसे बसतात ते मला कुणी समजावून सांगावं.

जुना_नाशिककर | मंगळवार, रात्री ९:०५

धागाकर्तीच्या काकांची बाजू कुणी घेत नाही, म्हणून मी घेतो.

माझं वय एकाहत्तर. भद्रकालीत वाढलो. आमच्या वेळी लग्न म्हणजे गल्लीचं काम. पापड, शेवया, रुखवत शेजारणी करायच्या. पंगत वाढायला आम्ही पोरं. आचारी तेवढा बाहेरचा. हुंडा होता, मानपानावरून रुसवे होते, नवरीला कुणी विचारत नव्हतं, हे सगळं होतं आणि ते जायलाच हवं. पण ऐंशीची यादी करायला बसाल तेव्हा कुणाचं नाव कापलं जातं ते बघा. ऑफिसातले मित्र राहतात. गावाकडची चुलत आत्या, जिचा लग्नाशिवाय कुठं येण्याजाण्याचा योग येत नाही, ती कापली जाते. माझ्या पुतण्याच्या लग्नात तसं झालं. इगतपुरीकडच्या एका रिसॉर्टवर साठ माणसं, दोन रात्री. खर्च त्याच्या बापाच्या लग्नाच्या कितीतरी पट. माझी विधवा बहीण, जिनं त्याला तो पाच वर्षांचा होईपर्यंत सांभाळलं, तिला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आले.

माणसं कमी म्हणजे विचार मोठा असं समजू नका. कोणती माणसं, ते विचारा.

गोदाकाठ | मंगळवार, रात्री ९:४०

नाशिककर काका, तुमचा प्रतिसाद दादाला आणि होणाऱ्या वहिनीला जसाच्या तसा वाचून दाखवला. दोघं यादी घेऊन बसलेत. आईला सांभाळायला सिन्नरहून येऊन महिनाभर राहिलेली मावशी यादीत नव्हती. आता आहे.

त्रिरश्मी | बुधवार, सकाळी ११:१५

आमच्याकडची पद्धत सांगतो. आम्ही बौद्ध, नाशिकरोडला राहतो. माझे पणजोबा काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात होते. २ मार्च १९३० ला तो सुरू झाला, पुढं पाच वर्षं चालला. १९३५ ला येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली, तीही याच जिल्ह्यात. आमच्या घरात लग्नाची पद्धत बदलली ती कुणाचं बघून बदललेली नाही.

पांढरे कपडे, त्रिशरण, पंचशील, मग दोघांच्या प्रतिज्ञा. नवऱ्याच्या पाच, नवरीच्या पाच. पत्नीचा सन्मान करीन, अपमान करणार नाही, व्यभिचार करणार नाही, घराचा कारभार तिच्या हाती देईन, तिला वस्त्रालंकार देईन, या नवऱ्याच्या. मुहूर्त नाही, हुंडा नाही. तासाभरात लग्न लागतं.

पण आता आमच्या लग्नांतही एलईडीची भिंत आली, धुराचं मशीन आलं. चुलतभावाच्या लग्नात प्रतिज्ञा चालू असताना मागं डीजेवाला आवाज तपासत होता. पहिल्या रांगेत बसून मला एक शब्द ऐकू आला नाही. तेव्हाच मी आणि बायकोनं ठरवलं की आपल्या लग्नात माइक फक्त प्रतिज्ञांना लावायचा. चौथ्या प्रतिज्ञेला मी थांबलो. घराचा कारभार देईन म्हणजे नक्की काय देईन, ते मी चारशे माणसांसमोर माझ्या शब्दांत सांगितलं: पगार दोघांच्या खात्यात येईल, आणि माझ्या आईवडिलांसाठी जे करू तेच हिच्या आईवडिलांसाठी करू. माझी आई तिथंच रडली. का ते मी अजून विचारलेलं नाही.

सहा वर्षं झाली. सासरे गेल्या पावसाळ्यात आजारी पडले तेव्हा आमच्याच घरी तीन महिने होते. कुणाला समजावून सांगावं लागलं नाही, सगळ्यांनी ते लग्नातच ऐकलेलं होतं.

आणि ज्यांना वाटतं की दोघांनी एकमेकांना वचन देणं ही आताची कल्पना आहे, त्यांच्यासाठी: जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज १८७३ च्या सप्टेंबरात काढला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिला सत्यशोधक विवाह लावला. मंगलाष्टकं त्यांनी स्वतः मराठीत रचली. त्यांत नवरी नवऱ्याकडं स्त्रियांच्या हक्काचं वचन मागते. दीडशे वर्षं झाली याला.

बारा_वर्षं | बुधवार, रात्री ११:००

आमचं लग्न बारा वर्षांपूर्वी, नोंदणी पद्धतीनं, सहा माणसांत. आंतरजातीय. खर्च हार, पेढे आणि रिक्षा. मी तेव्हा फार अभिमानानं सांगायचे.

धाग्याच्या मूळ प्रश्नाला मला प्रामाणिक उत्तर द्यायचंय. जात मोडण्याचं धैर्य आम्हा दोघांत होतं, आणि ते आजही आहे. पण सकाळचा डबा कोण करणार, हे आम्ही बोललोच नव्हतो. तो प्रश्नच मनात आला नाही. आम्हाला वाटलं, इतकं मोठं जमलंय तर बाकीचं आपोआप येईल. आलं नाही. मुलगी झाल्यावर नोकरी मी सोडली, आणि ती मी सोडायची हे ठरवायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. आठव्या वर्षी आम्ही समुपदेशकाकडं गेलो. तिथं पहिल्यांदा आम्ही कागदावर लिहिलं, कोण काय करतं. दोन रकाने होते, माझा पानाच्या मागच्या बाजूला गेला.

आता बरं आहे. तो स्वयंपाक शिकला. वयाच्या चाळिशीत शिकला आणि मनापासून शिकला. मी पुन्हा कामाला लागले.

म्हणून तुमच्या दादाची ती वही मला फार आवडली. त्यात एक पान अजून घाला म्हणावं. लग्नाचा दिवस झाल्यावरचं.

पंचवटीतला_भिक्षुक | गुरुवार, सकाळी ६:००

मी पौरोहित्य करतो, तीस वर्षं झाली. तीन गोष्टींवर लिहितो.

पहिली, सिंहस्थ. तुमच्या काकांची श्रद्धा खोटी ठरवायचं कारण नाही, ग्रंथांत निषेध आहे. पण तो कुठल्या प्रदेशापुरता आहे तेही तिथंच दिलंय: गोदावरी आणि भागीरथी यांच्यामधला. गोदावरीच्या दक्षिण तीराला तो दोष धरत नाहीत. पंचवटी उत्तर तीरावर येते, नाशिकरोड दक्षिणेला. नवरीच्या घराकडं लग्न लावा, काकांचं मनही राखलं जाईल आणि मुलीची परीक्षाही. मागच्या सिंहस्थात, २०१५ च्या आसपास, मी अशी लग्नं लावलेली आहेत. यावेळी फरक एवढाच की घरातली मोठी माणसं विचारत नाहीत, मुलंमुली स्वतः फोन करतात आणि म्हणतात, गुरुजी, कारण सांगा. मला ते आवडतं. पूर्वी मी मंत्र म्हणत असताना मांडवात जेवणाच्या पंगतीची चर्चा चालायची.

दुसरी, सप्तपदी. पहिलं पाऊल अन्नासाठी, दुसरं बळासाठी, मग धन, सुख, संतती, ऋतू, आणि सातवं: 'सखा सप्तपदी भव'. सातव्या पावलाला नवरीला सखा म्हटलंय. हे ज्या विवाहात असतं त्यात सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण होतो, १९५५ च्या कायद्यातही तसंच आहे. अर्थ सांगत केलं तर वीस-पंचवीस मिनिटं जास्त लागतात. मी तेवढी मागून घेतो. गेल्या वर्षी एका मुलीनं पाचव्या पावलाशी थांबवलं. आम्हाला मूल हवं की नको हे अजून ठरलेलं नाही, म्हणाली, तर काय म्हणू? मी म्हटलं, पुढच्या पिढीचं भलं असा अर्थ घे, ती तुझ्या पोटची असलीच पाहिजे असं नाही. मुलानं मान डोलावली. मग पाऊल टाकलं.

तिसरी, आणि यासाठीच मी लिहायला बसलो. बायको हयात नसलेला बाप मुलाच्या लग्नात कमरेला सुपारी लावून बसतो. पत्नीच्या जागी सुपारी. शेकडो वेळा मी स्वतः लावून दिलीय, कुणी हरकत घेतलेली नाही. मग नवरा नसलेल्या आईला सुपारी का चालत नाही? वीस वर्षं हा प्रश्न मला पडला नाही. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, राज्य सरकारनंही पाठोपाठ परिपत्रक काढलं, तेव्हा माझ्या धाकट्या मुलीनं तो मला विचारला. मला उत्तर देता आलं नाही.

तेव्हापासून मी आयांना बसवतो. नऊजणींना बसवलंय. तुमच्या आई दहाव्या. दक्षिणा नको.

द्राक्षबाग | गुरुवार, सकाळी ६:४०

गुरुजी, नमस्कार करतो. आत्याच्या मुलीचं लग्न वैशाखात आहे. व्यक्तिगत निरोप पाठवलाय.

मखमलाबाद_रोड | गुरुवार, सकाळी ८:३०

गुरुजी, हे वाचून कार्यालयात डोळे पुसावे लागले.

जुना_नाशिककर | गुरुवार, दुपारी १:००

माझ्या आईला माझ्या लग्नात अंतरपाटाच्या मागून बघू दिलं नव्हतं. पन्नास वर्षं होत आली. एवढंच लिहितो.

गोदाकाठ | रविवार, रात्री ९:१५

सगळ्यांचे आभार. तीन दिवस घरात याच धाग्यावर बोलणं चाललंय, म्हणून उशिरा लिहितेय.

काल काका-काकू आले होते. दादानं गुरुजींचा प्रतिसाद छापून आणला होता, काकांनी चष्मा लावून दोनदा वाचला. सिंहस्थाचं त्यांना लगेच पटलं. लग्न डिसेंबरात, नाशिकरोडला. माणसं एकशे वीस, भाऊबंदांतल्या म्हाताऱ्या माणसांना आधी बोलवायचं, ऑफिसातल्यांना नंतर घरी जेवायला. खर्चाची वाटणी तशीच. काकांना निदान जेवण द्यायचं होतं, वहिनी म्हणाली, तुम्ही आम्हाला सकाळचा चहा द्या, सगळ्यांचा. ते हसले आणि हो म्हणाले.

सुपारीवर मात्र ते अडले. म्हणाले, लोक काय म्हणतील ते मी ऐकून घेईन, पण वहिनीला, म्हणजे आईला, कुणी काही बोललं तर मला सहन होणार नाही. तेव्हा मला कळलं की त्यांचा विरोध कुठून येत होता. मी सात वर्षं त्यांच्यावर मनातून राग धरून होते.

मग काकू बोलल्या. त्या कधी फारसं बोलत नाहीत. आईकडं बघून म्हणाल्या, 'हिच्या लग्नात कन्यादानाला मी बसले होते. हिचा हात माझ्या हातात होता आणि तुम्ही आतल्या दारातून बघत होतात. मला दिसत होतं. मला तिथून उठायचं होतं. यावेळी मला बसवू नका.'

काका गप्प झाले. पुढं कुणी विषय काढला नाही. म्हणजे ठरलं.

बारा_वर्षं ताई, वहीत तुमचं पान गेलंय. डबा, आजारपण, दोन्हीकडचे आईवडील, आणि कुणाची बदली झाली तर कोण सोबत जाणार. शेवटच्यावर अजून वाद चालू आहे.

आणि एक मदत हवीय. आज सकाळी आईनं कपाटाच्या तळातून तिची येवल्याची पैठणी काढली. हिरवी, मोराच्या पदराची. बाबांनी पंचविसाव्या वाढदिवसाला, म्हणजे लग्नाच्या, घेतलेली. ते गेल्यापासून उघडलीच नव्हती. घडीवर रेशीम चिरत चाललंय आणि जरतार काळी पडलीय. तिला डिसेंबरात तीच नेसायची आहे. असं काम कोण नीट करून देईल?

द्राक्षबाग | रविवार, रात्री ९:३०

शहरात देऊ नका. येवल्याला विणकराच्या घरीच न्या, मागावर बसणारा माणूस बघून सांगेल किती वाचेल ते. तोवर इस्त्री लावू नका, हँगरला टांगू नका. घडी मोडून जुन्या सुती धोतरात सैल गुंडाळून ठेवा. बुधवारी मी कांदा घेऊन येवला बाजार समितीला जातोय, हवं तर आईंना गाडीत सोबत नेतो.